बायपासनंतर मामंजी असे का वागले? : वाचकांचे प्रश्न, मनोविकारतज्ज्ञांची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मनाला होणाऱ्या त्रासाविषयी आहेत. तिन्ही घरांतली परिस्थिती वेगळी आहे, पण शस्त्रक्रिया चांगली झाली असताना माणूस असा का झाला, हा प्रश्न तिघांचाही आहे. म्हणून या अंकात फक्त याच विषयाची पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : आमचे गाव खानापूर तालुक्यात, जंगलालगत आहे. माझे सासरे 71 वर्षांचे आहेत आणि त्यांची बायपास बेळगावात झाली. दुसऱ्या दिवशी घशातली नळी काढल्यावर ते आमच्याशी नीट बोलले, नातवाची चौकशीही केली. तिसऱ्या रात्री मात्र ते अंगावरची चादर चिमटीने उपटू लागले. तरवा काढताना हात चालतो, अगदी तसा त्यांचा हात चालत होता, आणि ‘बांध फुटलाय, पाणी अडवा’ असे ते सारखे म्हणत होते. सिस्टर आपले पैसे चोरते असे म्हणून त्यांनी सलाईन ओढून काढले, तेव्हा हात बांधावे लागले. सकाळी शांत व्हायचे आणि संध्याकाळ झाली की पुन्हा सुरू व्हायचे. असे चार दिवस चालले. आता घरी येऊन तीन आठवडे झाले आणि ते ठीक आहेत, पण आत्याबाई म्हणतात की बाहेरचे काहीतरी लागले होते आणि दीर म्हणतात की भूल जास्त दिली गेली. मामंजींना त्या दिवसांबद्दल विचारले की ते मान खाली घालतात. हे वेड होते का, आणि पुन्हा होईल का?
— एक सून, खानापूर तालुका

उत्तर : मामंजींना झाले ते वेड नव्हते आणि बाधाही नव्हती. त्याला डिलिरिअम, म्हणजे काही काळापुरता होणारा भ्रम, म्हणतात. आपल्याकडची जुनी माणसे तापात बडबडणाऱ्या रुग्णाला ‘वात झालाय’ म्हणत आणि वैद्य सन्निपात म्हणत. शरीरावर मोठा आघात झाला की मेंदूचा तोल काही काळ सुटतो, हे त्यांनी पाहिलेले होते. तुम्ही पत्रात जी लक्षणे लिहिली आहेत, ती इतकी नेमकी आहेत की विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मी ती जशीच्या तशी वापरू शकेन. एकाएकी सुरू होणे, दिवसातून कमी-जास्त होणे, अंधार पडला की वाढणे, लक्ष एका जागी न ठरणे, नसलेले दिसणे आणि चादर चिमटीने उपटणे ही सगळी डिलिरिअमची लक्षणे आहेत.

मधला एक दिवस ते चांगले बोलले, यामुळे तुमचा गोंधळ झाला असेल. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या भ्रमात असे बरेचदा घडते. शस्त्रक्रिया चालू असताना हृदय आणि फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग यंत्राच्या आधारे हृदय उघडून केलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया 1953 साली अमेरिकेत जॉन गिबन यांनी केली, आणि अशा शस्त्रक्रिया नेहमीच्या झाल्यावर 1964 साली ब्लॅकली आणि स्टार यांनी या भ्रमाचे वर्णन लिहिले. आधी काही काळ स्वच्छ शुद्ध आणि मग भ्रम, हा क्रम त्या वर्णनातही आहे. म्हणजे या शस्त्रक्रियेइतकीच या त्रासाचीही ओळख जुनी आहे. दुःख एवढेच आहे की शस्त्रक्रियेपूर्वी नातेवाइकांना बसवून ही गोष्ट सांगणारे अजूनही फार थोडे आहेत. तुम्हाला ती आधी कळली असती, तर त्या चार रात्री इतक्या भयंकर वाटल्या नसत्या.

तुमच्या दिरांच्या शंकेबद्दल सांगायचे तर भूल हे एक कारण असू शकते, पण एकटी भूल सहसा कारण नसते. यंत्रातून फिरून आलेल्या रक्तामुळे सगळ्या शरीरात दाह उठतो, रक्तदाब खाली-वर होतो, रक्तातले सूक्ष्म कण मेंदूच्या बारीक वाहिन्यांत जाऊ शकतात. त्यात वेदना, तीन-तीन रात्री न झालेली झोप, सतत पेटलेले दिवे आणि यंत्रांचे आवाज यांची भर पडते. सोडियम कमी होणे, साखर चढणे-उतरणे, प्राणवायू कमी पडणे, छातीत किंवा लघवीत जंतुसंसर्ग होणे, लघवी तुंबणे, इतकेच काय पण चार दिवस शौचाला न होणे, यांपैकी कोणतेही कारण वयस्कर मेंदूला भ्रमात ढकलायला पुरते. वृद्ध रुग्णांत हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर चौघांपैकी एकाला तरी कमी-अधिक प्रमाणात हा त्रास होतो. आधीच विसरभोळेपणा असेल, पूर्वी पक्षाघात होऊन गेला असेल, ऐकू किंवा दिसायला कमी असेल, किंवा बायपासबरोबर हृदयाची झडपही बदलली असेल, तर शक्यता आणखी वाढते.

एक गोष्ट घरचे लोक लाजेने लपवतात, म्हणून ती स्पष्ट लिहितो. रुग्णाला रोज दारू घेण्याची सवय असेल आणि शस्त्रक्रियेमुळे ती एकदम बंद झाली असेल, तर शेवटच्या पेल्यानंतर साधारण दोन-तीन दिवसांनी असाच भ्रम उठतो आणि तो जिवावर बेतू शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत. त्यात थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) द्यावे लागते, आणि ज्या झोपेच्या औषधांमुळे इतर रुग्णांचा भ्रम वाढतो, तीच औषधे येथे उपयोगी पडतात. त्यामुळे भूलतज्ज्ञ विचारतील तेव्हा, पाहुण्यांसमोर सांगणे अवघड वाटले तर बाजूला नेऊन, पण खरे सांगावे. तंबाखू आणि मिसरीबद्दलही तेच. ती अचानक बंद झाली की माणूस बेचैन होतो आणि तो चिडचिडेपणा भ्रमात मिसळतो.

आता आपल्या भागापुरती एक गोष्ट सविस्तर लिहितो, कारण पुस्तकांत ती दोन ओळींत संपते आणि येथे मात्र ती रोज समोर येते. बेळगाव, खानापूर, चिकोडीकडची आपली माणसे घरात मराठी आणि बाजारात कन्नड सहज बोलतात. पण भ्रमात पडलेला मेंदू नंतर शिकलेली भाषा आधी हातची सोडतो आणि आईकडून आलेली भाषा शेवटपर्यंत धरून ठेवतो. खासबागेतल्या एका विणकराला मी आयसीयूत पाहायला गेलो होतो. आयुष्यभर दोन्ही भाषांत व्यवहार केलेला तो माणूस सिस्टरच्या कन्नड प्रश्नांना काहीच उत्तर देत नव्हता, म्हणून केसपेपरवर ‘प्रतिसाद नाही’ असे लिहिले गेले होते. मी मराठीत ‘काय चाललंय?’ असे विचारले, तेव्हा शेजारच्या यंत्राकडे बोट करून ते म्हणाले, ‘माग थांबवा, धागा तुटलाय.’ यंत्राची लय त्यांना मागाची वाटत होती आणि मध्येच वाजणारा इशारा म्हणजे धागा तुटल्याची खूण. ते प्रतिसाद देत होते, पण त्यांच्याशी त्यांच्या भाषेत कोणी बोलले नव्हते. त्यांची मुलगी रोज दोन वेळा दहा-दहा मिनिटे पलंगाशी बसू लागली आणि ‘बाबा, हा दवाखाना आहे, तुमचं ऑपरेशन झालंय, आज बुधवार आहे, मी इथंच आहे’ एवढेच शांतपणे सांगू लागली, तेव्हा त्यांच्या हाताला बांधलेल्या पट्ट्या सोडता आल्या.

परिचारिका केरळची, हुबळीची किंवा कोकणातली असू शकते, आणि मराठी येत नाही यात तिचा दोष नाही. म्हणून शस्त्रक्रिया ठरली की घरच्यांनी एका कागदावर ‘दुखतंय का?’, ‘तहान लागली का?’, ‘लघवीला जायचंय का?’, ‘तुमची माणसं बाहेर बसली आहेत’ अशी पाच-सहा मराठी वाक्ये लिहावीत आणि ती कन्नड लिपीतही लिहून घेऊन परिचारिकेला द्यावीत. रुग्णाला घरात ज्या नावाने हाक मारतात, ते नावही त्यावर असावे. सोबत चष्मा, कानाचे यंत्र, कवळी आणि मोठ्या आकड्यांचे घड्याळ द्यावे. कवळी आणि चष्मा पिशवीत राहतात आणि पिशवी बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या मांडीवर राहते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता फेरीला गेलो की मी आधी तेच विचारतो. दिवसा खिडकीचा उजेड, रात्री दिवे मंद, डॉक्टरांनी परवानगी दिली की लवकर उठून बसणे आणि दोन पावले चालणे, वेदना वेळेवर शमवणे आणि पाणी-जेवणाकडे लक्ष देणे, या साध्या उपायांनी भ्रम टळतो किंवा लवकर उतरतो. औषधाने हे काम होत नाही. हॅलोपेरिडॉलसारखे औषध थोड्या मात्रेत देतात, पण ते रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करील अशी स्थिती असेल तेव्हाच, आणि तेही ईसीजीवर नजर ठेवून. भ्रम उतरतो तो मूळ कारण शोधून दुरुस्त केल्यावर.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट इतर वाचकांसाठी येथेच सांगतो. भ्रमाचा दुसरा प्रकार शांत असतो. त्यात रुग्ण ओरडत नाही, नळ्या ओढत नाही. तो नुसता पडून राहतो, हाक मारली की उशिरा पाहतो, घास तोंडात तसाच धरून ठेवतो. ‘आमचे बाबा किती शांत आहेत’ असे घरचे समाधानाने सांगतात आणि कामाच्या गर्दीत वॉर्डालाही ते सोयीचे वाटते. हा प्रकार हमखास नजरेतून सुटतो आणि म्हणूनच तो अधिक धोक्याचा आहे. आपला माणूस नेहमीसारखा नाही हे सर्वांत आधी घरच्यांना कळते, तेव्हा तुम्ही ते डॉक्टरांना आग्रहाने सांगितले पाहिजे.

आत्याबाईंच्या मनात शंका आहे, तर त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांनी यल्लम्माचा भंडारा मामंजींच्या कपाळाला लावला तर माझी काहीच हरकत नाही. तो छातीच्या किंवा पायाच्या जखमेवर मात्र लावू नये, आणि उतारा करण्यासाठी औषध किंवा तपासणी एक दिवसही पुढे ढकलू नये.

मामंजी मान खाली घालतात, याकडे खास लक्ष द्या. त्यांना त्या रात्रींचे तुकडे आठवत असणार आणि आपण सिस्टरला चोर म्हटले, सुनेसमोर कपडे ओढले, याची त्यांना लाज वाटत असणार. बऱ्याच रुग्णांना आपण खरोखरच वेडे झालो अशी भीती पुढे कित्येक महिने वाटत राहते आणि ती ते कोणाला बोलून दाखवत नाहीत. त्यांच्या मुलाने एखाद्या संध्याकाळी अंगणात शेजारी बसून ‘तिथं तुम्हाला काय दिसत होतं?’ असे सहज विचारावे आणि ते सांगतील ते न हसता ऐकावे. चमकत्या फरशीवर दिव्याचा उजेड पडला असेल आणि त्यांना ते शेतात भरलेले पाणी वाटले असेल, असा उलगडा झाला की मनावरचे ओझे पुष्कळ कमी होते.

पुन्हा होईल का, या प्रश्नाचे उत्तर असे की घरी बसल्या-बसल्या आपोआप होणार नाही, पण पुढे दुसरी मोठी शस्त्रक्रिया किंवा मोठे आजारपण आले तर शक्यता इतरांपेक्षा जास्त राहील. म्हणून डिस्चार्ज कार्डावर ‘शस्त्रक्रियेनंतर डिलिरिअम झाला होता’ अशी नोंद करून घ्या. ज्यांना असा भ्रम होतो त्यांच्या स्मरणशक्तीवर पुढेही लक्ष ठेवावे लागते, तेव्हा सहा महिन्यांनी एकदा तपासून घ्यावे. आणि आता घरी असताना ते एकाएकी असंबद्ध बोलू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बरोबर तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे असेल तर तो पक्षाघात असू शकतो आणि तेव्हा एकेक मिनिट मोलाचे असते. ताप, जखमेतून पू किंवा दम असेल तरीही थांबू नका. मेडिकल दुकानातून झोपेची गोळी आणून देऊ नका.

प्रश्न : माझे वय 58. निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होतो. साडेतीन महिन्यांपूर्वी माझी बायपास झाली. रिपोर्ट उत्तम आहेत, डॉक्टर खूश आहेत. पण पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. जेवणाची इच्छा नाही. टीव्हीवर लग्न पाहिले तरी रडू येते. छातीचे हाड उसवेल या भीतीने कुशीवर झोपत नाही आणि कोपऱ्यापर्यंतही चालत जात नाही. बायको म्हणते, देवाने दुसरा जन्म दिला, आता रडायचे कशाला. मलाही तसेच वाटते आणि मग स्वतःचाच राग येतो.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपल्या वहिनी प्रेमापोटी बोलतात, पण हे रडणे कृतघ्नपणाचे नाही. भ्रम पहिल्या आठवड्यात येतो आणि जातो. आपला त्रास नंतरचा आणि वेगळ्या जातीचा आहे. बायपासनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मन हळवे होणे, चटकन रडू येणे हे बहुतेकांना होते आणि ओसरते. पण उदासी, अरुची आणि पहाटेची जाग दोन आठवड्यांहून अधिक रोज टिकली, तर त्याला नैराश्य म्हणतात आणि त्यावर उपचार करावे लागतात. बायपास झालेल्या पाचांपैकी एकाला तरी ते होते, आणि कित्येकांना ते शस्त्रक्रियेच्या आधीपासून असते.

याकडे हृदयाच्या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात 817 बायपास रुग्णांचा काही वर्षे पाठपुरावा करण्यात आला आणि त्याचा अहवाल 2003 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. ज्यांचे नैराश्य तीव्र होते किंवा महिनोन्महिने टिकले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळले. नैराश्यात माणूस चालत नाही, गोळ्या चुकवतो, पुन्हा तंबाखूकडे वळतो, आणि शरीरातही बदल होतात. छातीचे हाड बहुधा दोन-तीन महिन्यांत जुळते. आपल्याला साडेतीन महिने झाले आहेत, तेव्हा शल्यचिकित्सकांना एकदा हाड दाखवा आणि ‘मी कुशीवर झोपू का, रोज किती चालू?’ असे थेट विचारा. त्यांच्या तोंडून ‘चाला’ हा शब्द ऐकल्याशिवाय आपली भीती जाणार नाही. रोज ठरलेल्या वेळी, कोणाच्या तरी सोबतीने चालणे हा या आजारावरचाही उपाय आहे.

औषध सुरू करण्यापूर्वी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासून घ्यावे. हृदयाचे ठोके अनियमित झाल्यामुळे आपल्याला अमिओडॅरोन दिले असेल तर थायरॉइड नक्कीच तपासावे, कारण त्या औषधाने थायरॉइड बिघडू शकते आणि त्याने मनही मंदावते. नैराश्यावरील औषधांपैकी सर्ट्रालीन हृदयरुग्णांत चांगले तपासले गेले आहे. त्याचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून ते सोडू नये, आणि नंतरही मनाने एकदम बंद करू नये. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन यांसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर या गटातील औषधांनी रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. तेव्हा आपल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून मनोविकारतज्ज्ञांसमोर ठेवावीत. समुपदेशनाचाही चांगला उपयोग होतो.

आपल्याला निपाणीहून कोल्हापूर आणि बेळगाव दोन्ही हाताशी आहेत. बेळगावच्या शासकीय बिम्स रुग्णालयात मनोविकार विभाग आहे आणि धारवाडला डिमहान्स ही शासनाची मानसिक आरोग्य संस्था आहे. बाहेर पडणेच नको वाटत असेल तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, आणि तेथे मराठी भाषा निवडता येते. केंद्र सरकारने ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केली. जगू नये असा विचार मनात एकदाही डोकावला असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी वहिनींना सांगा आणि या क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा.

प्रश्न : आईची झडप बदलून सात महिने झाले. ती गावच्या महिला बचत गटाचा हिशेब वीस वर्षे सांभाळत होती. आता बेरजा चुकतात, नावे आठवत नाहीत. यंत्रावर ठेवल्यामुळे मेंदू निकामी झाला असे कोणी सांगितले. हे खरे आहे का?
— एक वाचक, अथणी तालुका

उत्तर : ‘निकामी’ हा शब्द आईच्या कानावर पडू देऊ नका. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात बायपासनंतर घरी जाताना 53 टक्के रुग्णांत स्मरण आणि एकाग्रता घटलेली आढळली. सहा महिन्यांनी हे प्रमाण 24 टक्क्यांवर आले आणि पाच वर्षांनी पुन्हा 42 टक्के झाले. त्या वेळी सगळा दोष यंत्राला दिला गेला. पुढे यंत्राशिवाय केलेल्या बायपासशी तुलना झाली, तेव्हा पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. त्यामुळे नंतरची घसरण मुख्यतः वय, रक्तदाब, मधुमेह आणि मेंदूच्या वाहिन्यांचा आजार यांच्यामुळे होते, असे आता मानले जाते. हे अभ्यास बायपासचे आहेत आणि आईची शस्त्रक्रिया झडपेची आहे, पण विचार करण्याची दिशा तीच राहते.

सात महिने झाले असल्याने एकदा मज्जाविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. नैराश्यातही माणूस विसरतो, तेव्हा झोप आणि भूक यांचीही चौकशी करावी. वॉरफरिन चालू असेल आणि मध्यंतरी त्या पडल्या असतील, डोक्याला मार लागला असेल, डोके दुखत असेल, तर तपासणी लगेच करावी, कारण कवटीखाली हळूहळू रक्त साचूनही असे होते आणि ते वेळीच काढता येते. हिशेबाची वही मात्र त्यांच्याकडून काढून घेऊ नका. एका वेळी एकच पान, सकाळी, रेडिओ बंद करून लिहू द्या, आणि गटातल्या एखाद्या मैत्रिणीला शेजारी बसून बेरीज ताडून पाहायला सांगा.